हुल्डा क्लागर यांच्या बागेच्या वाटेने : जुन्या लायलॅकच्या जीर्णोद्धाराच्या नोंदी

६ मार्च २०२२

वॉशिंग्टन राज्यातील क्लार्क काउंटीत आम्ही घेतलेल्या जुन्या शेतघराच्या मागे, बुजवलेल्या विहिरीच्या कडेने, लायलॅक या घोसांनी फुलणाऱ्या शोभेच्या झाडाच्या सात जुन्या झुडपांची ओळ आहे. खोडे मनगटापेक्षा जाड झालेली, सालीवर शेवाळ आणि दगडफूल चढलेले, आतली निम्मी लाकडे वाळलेली आणि फुले केवळ पाच मीटर उंचीवरच्या शेंड्यांना, अशी त्यांची अवस्था आहे. जून २०२१ च्या अखेरीस या भागात उष्णतेची जी लाट आली, जिच्यात जवळच्या पोर्टलंड शहराचे तापमान ११६ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ४७ अंश सेल्सिअसवर गेले होते, तिच्यात उरलीसुरली पालवीही करपली. ओळ उपटून नवी रोपे लावणे स्वस्त आणि सोपे पडेल, असा सल्ला सर्वांनी दिला आहे.

तो सल्ला न मानण्याचे कारण येथे लिहून ठेवते. आधीच्या मालकांच्या सांगण्याप्रमाणे यांतली काही झुडपे त्यांच्या आजीने वुडलँडहून आणली होती. वुडलँड हे लुईस नदीच्या काठचे गाव येथून जवळ आहे आणि लायलॅकच्या नव्या जाती तयार करणाऱ्या हुल्डा क्लागर यांचे घर व बाग तेथेच आहे. ती बाग १९४८ च्या पुरात बुडाली आणि पुन्हा उभी राहिली, ती लोकांच्या परसांत वाढलेल्या झुडपांच्या जोरावर. हे ठाऊक असताना वुडलँडहून आलेली म्हणून सांगितली जाणारी झुडपे उपटून टाकणे मला योग्य वाटत नाही.

उद्दिष्टे तीन ठरवली आहेत. तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने जुनी खोडे काढून नवी वाढवायची, प्रत्येक झुडपापासून स्वतःच्या मुळांवर वाढणारी रोपे तयार करायची आणि प्रत्येकाची जागा, फुलोऱ्याचा काळ व फुलाचे वर्णन नोंदवून ठेवायचे. झुडपांना उत्तरेकडून दक्षिणेकडे १ ते ७ असे क्रमांक दिले आहेत. नावे द्यायची नाहीत.

२७ मार्च २०२२

महिन्याचे सगळे शनिवार-रविवार ब्लॅकबेरी काढण्यात गेले. येथे हिमालयन ब्लॅकबेरी म्हणून ओळखले जाणारे हे काटेरी झुडूप लायलॅकच्या मुळांतून वर आले होते आणि त्याच्या वेलींनी ३ व ४ क्रमांकांची झुडपे पूर्ण झाकली होती. वरून कापले की ते दुप्पट जोमाने फुटते, त्यामुळे बुडाशी असलेला गड्डा टिकावाने खणून काढण्यावाचून उपाय नाही. तणनाशक मुद्दाम वापरले नाही, कारण लायलॅकचे फुटवे त्याच मातीत आहेत आणि जे तणाला लागेल ते त्यांनाही लागेल. जाड चामड्याचे हातमोजे, लांब दांड्याची कात्री आणि टिकाव यांवर सुमारे ११० डॉलर खर्च झाले. कातड्याचे म्हणून विकले जाणारे स्वस्त हातमोजे दुसऱ्याच दिवशी फाटले, तेव्हा हे काम करणाऱ्यांनी कोपरापर्यंत येणारे चांगले हातमोजेच घ्यावेत.

या तणाचा इतिहास या नोंदींशी थेट जोडलेला आहे. कॅलिफोर्नियातील प्रसिद्ध रोपसंकरक ल्यूथर बरबँक यांनी भारतातून आलेल्या बियांपासून ही ब्लॅकबेरी वाढवली आणि १८८५ मध्ये हिमालयाचे नाव देऊन बाजारात आणली. वनस्पतिशास्त्रज्ञ आता तिचे मूळ आर्मेनियाच्या बाजूला मानतात. वायव्य अमेरिकेत ती इतकी फोफावली की ओढ्याकाठची मूळची झाडोऱ्याची जातच तिने मागे रेटली. याच बरबँक यांच्या कार्याविषयी आजारपणात वाचून हुल्डाबाईंना संकराचा नाद लागला होता. एकाच माणसाच्या कामातून लायलॅकची ती बागही आली आणि तिच्या जातभाईंचा गळा आवळणारे हे जाळेही आले, हे टिकाव चालवताना सतत मनात येत राहिले.

१२ एप्रिल २०२२

काल ११ एप्रिलला बर्फ पडला. पोर्टलंड परिसरात एप्रिलमध्ये मोजता येईल इतका बर्फ पडल्याची ही नोंदींतली पहिलीच वेळ. पालवी फुटलेली होती, कळ्यांचे घोस दिसू लागले होते आणि ओला जड बर्फ त्यांवर बसला. क्रमांक २ चे सर्वांत जुने खोड जमिनीपासून गुडघाभर उंचीवर उभे चिरले. क्रमांक ६ च्या दोन फांद्या मोडून लोंबत आहेत.

चिरलेले खोड दोरीने आवळून वाचवण्याचा विचार होता. पण चिरेच्या आत लाकूड तपकिरी आणि भुसभुशीत निघाले, खोडकिड्याची भोकेही दिसली. असे खोड बांधून ठेवल्यास पुढच्या हिवाळ्यात ते शेजारच्या नव्या फुटव्यांवर कोसळेल. म्हणून ते बुडाशी कापले. मोडलेल्या फांद्या निरोगी लाकडापर्यंत मागे घेतल्या. बर्फ फांद्यांवरून झटकताना काठीने मारू नये. हाताने खालून वर उचलावे. थिजलेली फांदी मारल्यावर तुटते.

१ मे २०२२

आज वुडलँडला जाऊन आलो. फुलोऱ्याच्या दिवसांत, एप्रिलच्या उत्तरार्धापासून मातृदिनापर्यंत, तेथे लायलॅकचा उत्सव असतो आणि रोपेही विकत मिळतात. ही नोंद लांबणार आहे, कारण आमच्या ओळीत काय करायचे ते तेथे पाहूनच स्पष्ट झाले.

हुल्डाबाई माहेरच्या थील, जन्म जर्मनीतला. लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये आले आणि १८७७ मध्ये वुडलँडला येऊन स्थिरावले. कोलंबिया आणि लुईस या नद्यांच्या संगमाजवळचा हा मुलूख त्याआधी शतकानुशतके काउलिट्झ आणि चिनूक लोकांचा होता. जवळच्या रिजफील्डला त्यांच्या कॅथलापोटल या वस्तीची आठवण म्हणून लाकडी फळ्यांचे मोठे घर उभारलेले आहे. वसाहतकारांच्या पहिल्या पिढ्यांनी येथे गायीगुरे, फळबागा आणि शेती उभी केली. फ्रँक क्लागर यांच्याशी लग्न झाल्यावर हुल्डाबाईंचा संसारही शेतावरचाच होता. त्यांनी संकराचे काम आधी सफरचंदांवर केले. लहान सफरचंदे सोलता सोलता वेळ जातो, तेव्हा मोठे फळ हवे, ही त्यामागची स्वयंपाकघरातली गरज होती. १९०५ च्या सुमारास त्या लायलॅककडे वळल्या आणि १९१० पर्यंत त्यांनी चौदा नव्या जाती तयार केल्या होत्या.

सुरुवातीला हाताशी असलेल्या जातींपैकी ‘मादाम काझिमीर पेरिए’ ही पांढरी दुहेरी (पाकळ्यांच्या एकाहून अधिक थरांची) आणि ‘प्रेसिदाँ ग्रेव्ही’ ही निळसर दुहेरी, या दोन्ही फ्रान्समधील नान्सीच्या लमवान रोपवाटिकेच्या. ‘आंडेंकेन आन लुडविग श्पेट’ ही गडद जांभळी जात जर्मनीची. या झाडाचे बी पेरून पहिले फूल दिसायला काही वर्षे जातात आणि दिसलेल्या फुलांपैकी बहुतेक टाकून द्यावी लागतात. शेतघर सांभाळून, पाणी भरून, मुले वाढवून हे काम पन्नास वर्षे करणाऱ्या बाईंच्या चिकाटीपुढे आमचे तीन वर्षांचे नियोजन फार छोटे आहे.

१९२० च्या दशकापासून दर वसंतात त्या बाग लोकांसाठी खुली ठेवत. १९२२ मध्ये फ्रँक गेले, तेव्हा त्यांनी काम सोडायचे ठरवले होते. मुलगा फ्रिट्झ याच्या आग्रहामुळे ते चालू राहिले. दोघांच्या नावाच्या जाती बागेत आहेत. आसपासच्या गावांचीही नावे आहेत, ‘सिटी ऑफ लाँगव्ह्यू’, ‘सिटी ऑफ कलामा’. मग १९४८ च्या मे-जूनमध्ये डोंगरांवरचा मोठा बर्फसाठा वितळून आणि त्यावर पाऊस होऊन कोलंबियाला महापूर आला. ३० मे रोजी याच पुराने पोर्टलंडजवळचे व्हॅनपोर्ट हे अख्खे शहर वाहून नेले. वुडलँडच्या बागेत मोठी झाडे तेवढी उरली. लायलॅक आणि जवळजवळ सगळी झुडपे गेली. हुल्डाबाईंनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. त्यांच्याकडून आधी रोपे नेलेल्या लोकांनी आपापल्या परसांतून फुटवे आणून दिले आणि दोन वर्षांत, १९५० मध्ये, बाग पुन्हा लोकांसाठी उघडली.

१९६० मध्ये त्या वारल्यावर ही जागा कारखानदारीसाठी सपाट केली जाणार होती. वुडलँडच्या उद्यानप्रेमींच्या मंडळाने ती वाचवली. १९७५ मध्ये घराची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली, १९७६ मध्ये हुल्डा क्लागर लायलॅक सोसायटी स्थापन झाली आणि तेव्हापासून स्वयंसेवकच घर व बाग सांभाळतात.

आता कामाचे. तेथील जुन्या झुडपांतही फुले डोळ्यांच्या पातळीवर आहेत. बुडाशी नीट पाहिले तर वेगवेगळ्या वयांची खोडे शेजारी शेजारी उभी दिसतात: काही अंगठ्याएवढी, काही मनगटाएवढी, आणि मधे पूर्वी काढलेल्या खोडांच्या खुणा. म्हणजे झुडूप जुने असले तरी त्यातले कोणतेही लाकूड फार जुने होऊ दिले जात नाही. दुसरी गोष्ट नावांच्या पाट्यांची. त्यांवाचून ही बाग सुंदर राहिली असती, पण ऐतिहासिक राहिली नसती, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ‘माय फेवरिट’ आणि ‘सिटी ऑफ लाँगव्ह्यू’ अशी दोन रोपे घेतली. आमच्या झुडपांशी ताडून पाहायला नावाची खात्री असलेले काहीतरी जवळ हवे होते.

२२ मे २०२२

क्रमांक ५ आणि ६ चे नवे कोवळे शेंडे एका आठवड्यात काळे पडले. पानांवर पाणथळ डाग, मग काळे पट्टे, मग शेंडा आकड्यासारखा वाकलेला. सुरुवातीला ही एप्रिलच्या थंडीची इजा वाटली, पण थंडीची इजा एकदा होऊन थांबते आणि हे रोज खाली सरकत होते. हा जिवाणूजन्य करपा आहे. त्याला कारणीभूत असणारा स्यूडोमोनस सिरिंगी हा जिवाणू पहिल्यांदा लायलॅकवरच सापडला होता. पानावर बर्फाचे कण धरण्यास तो मदत करतो, थंडीने फाटलेल्या पेशींतून आत शिरतो आणि ओल्या, गार वसंतात पसरतो. या वर्षी एप्रिलमध्ये बर्फ आणि नंतर अखंड पाऊस, असे दोन्ही मिळाले आहे.

आणखी एक कारण खतात सापडले. मार्चमध्ये या दोन झुडपांना कोंबडीखत मिसळलेले कंपोस्ट सढळ हाताने घातले होते, इतरांना नाही. नत्र जास्त झाल्याने शेंडे लांब, लुसलुशीत आले आणि करपा नेमका त्यांवर बसला. ज्या झुडपांना काही घातले नाही त्यांच्यावर डाग आहेत, पण शेंडे मेले नाहीत. लायलॅक भरपूर खताचे झाड नाही.

उपाय म्हणून काळ्या भागाच्या वीतभर खाली निरोगी लाकडात छाटले. प्रत्येक कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसली. छाटलेले तुकडे कंपोस्टमध्ये न टाकता पोत्यात भरून कचऱ्यात दिले. छाटणी पाऊस नसलेल्या दिवशीच करावी, म्हणून त्यासाठी चार दिवस थांबावे लागले आणि तेवढ्यात एक फांदी अधिक गेली.

५ जून २०२२

फुले संपली. आज मुख्य छाटणी. बुडाशी मोजून प्रत्येक झुडपातील सर्वांत जाड खोडांपैकी साधारण तिसरा हिस्सा जमिनीलगत करवतीने काढला, वाळलेले सगळे काढले आणि फुटव्यांतले जोमदार, एकमेकांपासून हातभर अंतरावरचे तेवढे ठेवले. सगळे एकदम बुडापासून कापले तरी झुडूप जगते, पण काही वर्षे फूल दिसत नाही आणि अशक्त झुडूप कधी कधी दगावते. म्हणून तीन वर्षे.

सासरे दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग करतात. त्यांना व्हिडिओवर छाटणी दाखवताना त्यांनी विचारले की थंडीत पाने नसताना, खोड स्पष्ट दिसत असताना हे का केले नाही. पुढच्या वर्षीच्या कळ्या फूल गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात याच वर्षीच्या फांदीवर तयार होतात, हे सांगितल्यावर ते म्हणाले, “अगं, मग हे आपल्या काडीसारखंच झालं. थंडीत कात्री लावलीस तर फुलच कापून टाकशील.” नाशिककडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीत सूक्ष्म घड तयार होतात आणि ऑक्टोबरची छाटणी काडीवर घड कुठे आहे ते पाहून करतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना लायलॅकची छाटणी निराळी शिकावी लागत नाही. फूल सुकल्यापासून फार तर महिन्याभरात शेंड्यांची छाटणी उरकावी. वाळलेले आणि रोगट लाकूड मात्र वर्षभर कधीही काढावे.

त्याच दिवशी छाटलेल्या फांद्यांतून कलमे लावली. त्यांचा निकाल पुढे येईल.

३१ जुलै २०२२

कलमे गेली. पानांची टोके आधी तपकिरी झाली, मग देठ, आणि उपटून पाहिल्यावर बहुतेकांच्या बुडाला मुळाचा मागमूस नव्हता. उरलेल्यांची साल कुजून सोलून येत होती. मुळे फुटण्यासाठीच्या संजीवकाची भुकटी, परलाइट आणि पीट यांचे समप्रमाणातले माध्यम, झाकण, सावली, सगळे नीट होते. चुकला तो काळ. लायलॅकची छाट कलमे फांदी कोवळी असताना, वाकवल्यावर कटकन मोडेल पण तंतू धरून राहणार नाही अशा अवस्थेत असतानाच घ्यावी लागतात, आणि ही अवस्था फुलोऱ्याच्या दिवसांत किंवा त्याला लागूनच थोडा काळ असते. ५ जूनपर्यंत लाकूड पिकून गेले होते. छाटणी आणि कलमे एकाच दिवशी करण्याची सोय पाहिली, तेथे वर्ष गेले.

नुकसान संपूर्ण होऊ नये म्हणून प्रत्येक झुडपाची एक खालची लवचीक फांदी वाकवून, खालच्या बाजूने साल किंचित खरवडून, मातीत दाब कलम लावले आहे. त्याला काही खर्च नाही.

१३ नोव्हेंबर २०२२

माती तपासून आणली. खर्च ३५ डॉलरच्या आसपास. सामू (पीएच) ५.४. या भागात हिवाळाभर पाऊस मातीतला चुना धुवून नेतो, त्यामुळे जमिनी आम्लधर्मी असतात, लायलॅकला ६.५ ते ७ च्या आसपासचा सामू मानवतो. शंभर चौरस फुटांना सुमारे ५ पौंड या हिशेबाने डोलोमाइट चुना टाकून वरच्या मातीत हलका मिसळला. हा बदल सावकाश होतो, म्हणून एकदम जास्त न टाकता पुढच्या शरदात पुन्हा तपासून टाकायचा.

वुडलँडची बाग नदीच्या गाळाच्या जमिनीवर आहे. आमच्याकडे चिकण माती आहे आणि विहिरीच्या बाजूला पाणी साचते, क्रमांक ७ कायम मरगळलेले असण्याचे कारण तेच. तेथे निचऱ्यासाठी चर खणून खडी भरली आणि विकत आणलेली दोन रोपे वीतभर उंच वरंब्यावर लावली.

५ मार्च २०२३

फुटवे वेगळे करण्याचा दिवस. कळ्या फुगायच्या आत, माती ओली असताना, फुटव्याचे स्वतःचे तंतुमूळ असलेला भाग धारदार फावड्याने तोडून कुंडीत घेतला. मूळ नसलेले, नुसत्या जाड मुळाला चिकटलेले फुटवे लावून उपयोग नाही.

क्रमांक ४ ने येथे वेगळेच दाखवले. ब्लॅकबेरी गेल्यावर त्याच्या बुडाशी भरपूर फुटवे आले होते, पण त्यांवर हिवाळ्यातही लहान, लांबट, गुळगुळीत हिरवी पाने टिकून होती. लायलॅकचे पान हृदयाच्या आकाराचे असते आणि हिवाळ्यात गळते. हे प्रिव्हेटचे, म्हणजे कुंपणाला लावतात त्या झुडपाचे फुटवे आहेत. क्रमांक ४ प्रिव्हेटच्या खुंटावर बांधलेले कलम आहे. लायलॅक आणि प्रिव्हेट एकाच कुळातले, म्हणून हे कलम जुळते. आपल्याकडची जाई, जुई, मोगरा आणि पारिजातकही याच कुळातले आहेत. तेव्हा क्रमांक ४ चे फुटवे घेऊन जात टिकणार नाही. त्याचे छाट कलम किंवा दाब कलमच करावे लागेल. खुंटच साध्या लायलॅकचा असता, तर पानांवरून फरक दिसलाही नसता आणि भलतीच जात आपली म्हणून वर्षानुवर्षे वाढवली गेली असती. जुन्या झुडपाचा फुटवा फुलेपर्यंत त्याला मूळ झुडपाचे नाव देऊ नये.

मागच्या वर्षीच्या दाब कलमांपैकी बहुतेकांना मुळे धरली आहेत. शरदापर्यंत त्यांना हलवायचे नाही.

१४ मे २०२३

फुलोरा या वर्षी कमी आहे, ते अपेक्षितच होते. नव्या खोडांवर अजून फूल नाही. करप्यासाठी शरदात पाने गळताना आणि कळ्या फुटण्याआधी ताम्रयुक्त फवारणी केली होती. कोरडे हवामानही लाभले असेल, पण या वर्षी शेंडे काळे पडले नाहीत.

छाट कलमे गेल्या आठवड्यात, फुले अर्धी उमललेली असताना लावली. सकाळी लवकर, फांद्या ओल्या कापडात गुंडाळून, चार-पाच इंची तुकडे, वरची दोन पाने अर्धी कापून, बुडाला ०.८ टक्के आयबीए या संजीवकाची भुकटी. पारदर्शक झाकणाच्या पेटीत, उत्तरेच्या भिंतीशी. पाणी वरून ओतण्याऐवजी दिवसातून काही वेळा बारीक तुषार.

२० ऑगस्ट २०२३

निम्म्याहून थोड्या कमी कलमांना मुळे आली. क्रमांक ४ ची तीन जगली. मुळे दिसताच मोठ्या कुंडीत हलवण्याचा मोह होतो, तो आवरावा. नव्या फुटीशिवाय हिवाळ्यात शिरलेले कलम हलवल्यास वसंतात जागे होत नाही, असे जाणत्यांकडून कळले, म्हणून सगळी त्याच कुंड्यांत ठेवली आहेत. येथे उन्हाळा कोरडा असतो. पहिली दोन वर्षे आठवड्यातून एकदा खोल पाणी लागतेच.

पुण्याहून बहिणीने रोप मागितले. तेथे हे झाड फुलणार नाही, कारण कळ्या उघडण्यासाठी त्याला दीर्घ थंडी लागते. हिमालयात, काश्मीरपासून नेपाळपर्यंत, याची एक जात रानात वाढते, पण ती उंचीवरच. शिवाय परवान्याविना आणि रोगमुक्तीच्या दाखल्याविना रोप देशाबाहेर नेता येत नाही. तिला फुलांची छायाचित्रे पाठवली.

२१ जानेवारी २०२४

आठवडाभर वारा, बर्फ आणि शेवटी गोठणारा पाऊस. प्रत्येक काडीवर बोटभर काचेसारखे आवरण होते. जुनी खोडे आता कमी असल्याने आणि नवी लवचीक असल्याने एकही फांदी मोडली नाही. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलशी तुलना केल्यास छाटणीचा हा फायदा मी आधी धरला नव्हता.

पाट्या मात्र गेल्या. प्लॅस्टिकच्या पट्ट्या थंडीत तडकल्या आणि ‘कायमची’ म्हणून विकली जाणारी शाई उन्हापावसात उडून कुंड्यांवर कोरे तुकडे उरले. मांडणीचा कागदी नकाशा घरात होता, म्हणून कुंड्या ओळखता आल्या. दोन कुंड्या कोणीतरी पाणी घालताना सरकवल्या होत्या, त्यांची ओळख गेली ती गेलीच. त्या वेगळ्या काढल्या आहेत आणि फूल येईपर्यंत कोणालाही द्यायच्या नाहीत.

नवी पद्धत अशी: मऊ ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बोथट टोकाने दाबून अक्षरे उमटवायची, शाई नाही. तार झुडपाच्या खोडाभोवती आवळायची नाही, कारण खोड जाड झाले की ती सालीत रुतते. जमिनीत रोवलेल्या खुंटीला अडकवायची. नकाशाच्या दोन प्रती, एक घराबाहेर दुसऱ्याकडे. साहित्य ४० डॉलरच्या आत आले. या कामात सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत आधी करायची गोष्ट हीच होती.

५ मे २०२४

क्रमांक १, २, ३ आणि ६ च्या नव्या खोडांवर फुले आली, छातीच्या उंचीवर. ‘माय फेवरिट’ लाही पहिला घोस आला. फुलांचे वर्णन नोंदवताना कळीचा रंग, उमललेल्या फुलाचा रंग, सुकतानाचा रंग, एकेरी की दुहेरी, पाकळीची कड आणि घोसाची लांबी हे सगळे एकाच दिवशी, ढगाळ उजेडात पाहावे. उन्हात जांभळा रंग गुलाबी दिसतो आणि दोन दिवसांत तोच फिकट पडतो.

क्रमांक २ दुहेरी, गडद कळीचे आहे आणि वुडलँडच्या एका जातीशी पुष्कळ जुळते. घरातील सर्वांना वाटते की त्याला ते नाव द्यावे. मी दिलेले नाही. लायलॅकच्या हजारांहून अधिक जाती आहेत, अनेक एकमेकींसारख्या दिसतात, आणि हुल्डाबाईंनी स्वतः वापरलेल्या फ्रेंच जातीही त्या काळी घरोघरी होत्या. आजीने वुडलँडहून आणले, एवढी तोंडी माहिती पाटीच्या मागच्या बाजूला लिहिली आहे. पुढच्या बाजूला ‘विहिरीकडचे, क्रमांक २’ एवढेच. चुकीचे नाव एकदा लोकांच्या परसांत गेले की परत घेता येत नाही.

क्रमांक ७ पाण्याचा निचरा करूनही गेले. मुळे काळी झाली होती. त्याचे एक दाब कलम मात्र वरंब्यावर जोमात आहे.

छाटणीचा शेवटचा टप्पा महिनाअखेरीस.

११ मे २०२५

जुने एकही खोड आता उरलेले नाही आणि सहा झुडपांतली सर्वांत जाड फांदी अंगठ्याच्या दुप्पट आहे. येथून पुढे दर वर्षी फुलोऱ्यानंतर प्रत्येकी एक-दोन खोडे काढली की पुरे. एकूण खर्च, विकतची रोपे धरून, चारशे डॉलरच्या थोडा आत राहिला. सर्वांत जास्त वेळ ब्लॅकबेरीने खाल्ला आणि अजूनही तिचे कोंब महिन्याला उपटावे लागतात.

आज क्रमांक २, ३ आणि ४ ची रोपे तीन घरांना दिली, आधीच्या मालकांची मुलगी त्यांत आहे. प्रत्येक रोपासोबत धातूची पाटी, वर्णनाचा कागद आणि एक अट दिली: आमच्याकडचे झुडूप गेले तर त्यांच्याकडून फुटवा परत मिळावा. कोणाकडे काय गेले याची यादी नकाशाच्या दोन्ही प्रतींना जोडली आहे. क्रमांक १ आणि ६ ची कलमे अजून लहान आहेत, ती ऑक्टोबरमध्ये पहिल्या पावसानंतर द्यायची. क्रमांक ५ चे एकही कलम तीन वर्षांत धरलेले नाही. त्याच्या दोन फांद्या या आठवड्यात दाबायच्या आणि सामू पुन्हा तपासायचा.